फुलाचा डोळा

तिने छिन्नीचं पातं सांध्यात सरकवलं, लाकडी हातोडीने वरून दोन टिचक्या मारल्या आणि फरशीला कान लावला. आतून पोकळ आवाज आला. मग दोन्ही तळव्यांनी तिने ती फरशी अलगद उचलली, मांडीवर पालथी घेतली आणि मागचा जुना चुना सुरीने खरवडायला लागली.

“मावशी, जपून हं,” घरातली सून दारातून म्हणाली. “एक जरी फुटली ना, तरी तशी दुसरी मिळायची नाही म्हणतात.”

“इतकी वर्षं तुमच्या घरच्यांनी तुडवून फुटली नाही, ती माझ्या मांडीवर काय फुटते?”

सून हसून आत गेली. दिवाणखान्याखालून जाणारा नळ फुटून मधली जमीन खचली होती. सगळं उखडून पांढऱ्या चकचकीत फरश्या टाकाव्यात असं तिच्या नवऱ्याचं म्हणणं होतं. हिने मात्र हट्ट धरला. जुन्या नक्षीच्या फरश्या उचलून, धुऊन, जागच्या जागी पुन्हा बसवणारी एक बाई आहे, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं.

त्या बाईने खरं तर दोन वर्षांपूर्वीच गुडघ्यांपुढे हार मानली होती. कामं भाच्यावर सोपवून ती आता नुसती सूचना द्यायची आणि त्याला वैताग आणायची. पण फोनवर पत्ता ऐकला आणि ती म्हणाली, “येते. मी स्वतः येते.”

पत्ता तिला लिहून घ्यावा लागला नाही.

राखाडी जमीन, तिच्यावर विटकरी पाकळ्या, कडेने काळी वेल. एका फरशीवर पावच फूल असायचं. चार जुळल्या की एक फूल पुरं व्हायचं. प्रत्येक फरशीच्या एका कोपऱ्यात पिवळ्या चकतीचा पाव तुकडा होता. धंद्यात त्याला डोळा म्हणत. चार डोळे एकमेकांना भिडले की फूल बघायला लागतं, असं तिचे बाबा सांगायचे. एक फरशी फिरली तरी ते चकणं होतं.

ही जमीन बाबांनीच बसवली होती. ती तेव्हा नऊ वर्षांची होती.

आणि बाबांना तेव्हा जवळजवळ दिसत नव्हतं. चुना उडून उडून दोन्ही डोळ्यांत फूल पडलं होतं. हे बापलेकींशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं, आईलाही नाही. फरश्यांच्या थप्पीवर बसून ती एकेक फरशी अंगापासून पलीकडे पालथी करायची आणि डोळा ज्या कोपऱ्यात असेल तिकडे खिळ्याने मागे एक बाण ओरखडायची. पालथी नेहमी एकाच बाजूने करायची, असा बाबांचा दंडक होता. बाजू बदलली की डावं उजवं होतं आणि बाण भलतीकडे जातो. बाबा फरशीच्या मागून अंगठा फिरवायचे, बाण चाचपायचे, फरशी वळवून चुन्यावर ठेवायचे. बघणाऱ्याला वाटावं, काय सफाई आहे माणसाच्या हाताला! फरशीकडे न बघतासुद्धा काम करतो.

सबंध दिवाणखाना असा झाला. एक सोडून.

घर बघायला पाहुणे आले होते, त्या संध्याकाळी घरच्या बाईंनी ती एक हेरली. हळूच बाजूला घेऊन सांगता आलं असतं. पण बाई ऐन तिशीतल्या, नव्या घराच्या मालकीण, पायांत लाल चपला. त्या सगळ्यांदेखत म्हणाल्या, “मिस्त्री, एक फरशी उलटी आहे. कुठली ते सांगा बघू.”

बाबा उभेच राहिले.

“शोधा की! तुमच्याच हातची आहे ना?”

बाबा गुडघ्यांवर बसले. तळवे टेकून फिरू लागले, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. गुळगुळीत फरशीवर नक्षी हाताला लागत नाही. पाहुणे आधी गप्प होते, मग कुणीतरी फिसकन हसलं आणि सगळ्यांनाच वाट मिळाली. “फुलाला डोळा आहे, मिस्त्रींचा कुठे गेला?” बाई म्हणाल्या. शेवटी त्यांनीच चपलेच्या टोकाने ती फरशी दाखवली. दारापासून तिसरी ओळ, खिडकीकडून पाचवी.

बाबांनी ती उचलली, मागून अंगठा फिरवला. मग दाराशी उभ्या असलेल्या लेकीच्या दिशेने एकदा तोंड केलं, घाईघाईने मागे चुना थापला आणि फरशी सरळ बसवली. “चूक झाली, बाईसाहेब,” एवढंच बोलले.

त्यानंतर त्यांना गावभर ‘डोळेवाले मिस्त्री’ हे नाव पडलं. काम कुणी दिलं नाही. घरात ओट्याशी बसून ते शेंगा सोलायचे, तीच अंगठ्याची सफाई शेंगांवर चालायची. चौथ्या वर्षी गेले.

तिने पंचावन्न वर्षं हा दिवाणखाना उरात वागवला होता. येताना बेत पक्का होता. सगळी जमीन आरशासारखी करायची आणि तीच फरशी, तिसऱ्या ओळीतली पाचवी, फिरवून ठेवायची. त्या बाईंची नजर मोठी तेज ना? मग रोज उठून तेवढंच दिसू दे.

पण पहिल्याच दिवशी सुनेने थोरल्या बाईंना धरून आणलं आणि वेताच्या खुर्चीत बसवलं. पंच्याऐंशीच्या बाई, सुपारीएवढा अंबाडा, हातात काठी. त्यांनी मान वर केली ती भलत्याच भिंतीकडे.

“आईंना दिसत नाही हो आता,” सून म्हणाली. “अंधार उजेड कळतो, तेवढाच.”

“माणूस खोटं बोलतं तेही कळतं,” बाई म्हणाल्या. “ये गं बाई. कुठे आहेस तू?”

तिचा पंचावन्न वर्षांचा बेत तिथल्या तिथे मातीमोल झाला. त्या दिवशी तिने एकही फरशी उचलली नाही, नुसत्या खुणा करत बसली. दुपारी डबा उघडला आणि दोन घासांतच तिला दुसरं सुचलं. ते अगदी सोपं होतं. फरशी फिरवायची गरजच नव्हती. सगळ्या सरळ बसवायच्या आणि जाताना एवढंच सांगायचं: एक उलटी आहे.

मुलगा म्हणेल, नाही गं आई. सून शपथा घेईल. पण ज्या बाईंना जन्मभर फक्त स्वतःच्या नजरेचा भरवसा होता, त्या कुणाचं ऐकणार?

बाई रोज येऊन बसू लागल्या. त्यांना बोलायला माणूस हवं होतं.

“तुझ्या हातोडीचा आवाज बरा आहे. आमच्या चिरंजीवांच्या बोलण्यापेक्षा थोडक्यात आटपतो.”

ती हसली नाही. हसू आलं होतं, ते तिने खरवडलेल्या चुन्याबरोबर झाडून टाकलं.

“जेवलीस का? सूनबाई, हिला चहा दे गं. आणि साखर घाल त्यात. तुझ्या चहाने माणसाचं वजन घटतं.”

“आई, तुम्हाला गोड नको म्हणून…”

“मला नको. हिने काय पाप केलंय?”

तिसऱ्या दिवशी बाई आपणहून म्हणाल्या, “या जमिनीत एक उलटी होती, माहीत आहे? तेव्हाच्या मिस्त्रीने बसवलेली. एवढ्या फरश्यांतून मी एका नजरेत पकडली. काय नजर होती माझी!”

तिची सुरी सांध्यात अडकली. ती सोडवायला जरा वेळ लागला.

“मग काय केलंत?”

“काय करणार? मस्करी केली थोडी. वय होतं ते.”

“थोडी,” ती म्हणाली.

उचललेल्या फरश्या भिंतीशी ओळीने लागत होत्या. प्रत्येकीच्या मागे खिळ्याचा बाण निघत होता, शेपटीला फाटा असलेला, लहान मुलाने काढलेल्या माशासारखा. एकेक उचलताना ती बाण बघायची, मग फरशी उलटून डोळा बघायची. बरोबर. बरोबर. बरोबर. नऊ वर्षांच्या पोरीने एकही चुकवला नव्हता. दोष कुणाचा असेल तर बाबांच्या थकलेल्या अंगठ्याचा होता, आणि त्या थकल्या अंगठ्याची या बाईने जत्रा केली होती. फरशीगणिक तिचा राग नवा होऊन निघत होता.

चौथ्या दिवशी ती तिसऱ्या ओळीतल्या पाचवीपाशी आली.

हिचा चुना वेगळा होता, घाईत थापलेला. तो सुरीने नुसता ढकलला आणि पापडासारखा निघाला. खाली बाण होता. तिने फरशी उलटली, डोळा बघितला. पुन्हा पालथी केली. बाण डोळ्याकडे नव्हता. नेमक्या समोरच्या कोपऱ्याकडे होता.

तिने ओल्या फडक्याने फरशीची पाठ पुसली. बाण तिथेच राहिला.

बाण काढताना फरशी दुसऱ्या बाजूने उलटली गेली होती. कधी, तेही तिला आठवलं, आणि इतकी वर्षं ते कुठे दडून बसलं होतं याचं नवल वाटलं. थप्पीवर बसलेली असताना समोरून लाल चपला गेल्या होत्या. तशा चपला तिने आधी कधी पाहिल्या नव्हत्या. त्या दाराआड जाईपर्यंत ती बघत राहिली होती, आणि हातांनी आपलं काम आपलं आपण केलं होतं.

बाबांच्या अंगठ्याने बाण बरोबरच वाचला होता. सगळ्यांसमोर फरशी उचलली तेव्हाही. मग त्यांनी तिच्याकडे तोंड केलं होतं. ती लाज नव्हती. तो तिला दिलेला इशारा होता, गप्प राहा.

“काय गं, थांबलीस का?” बाईंनी विचारलं. “हातोडी ऐकू येत नाही.”

“चहा घेते,” ती म्हणाली. चहा आला नव्हता.

पुढचे पाच दिवस ती मुकाट्याने काम करत राहिली. नवी खडी दाबली, चुना घातला, पाणसळीने सपाटी बघून बघून फरश्या बसवल्या. ती एक तेवढी शेवटपर्यंत बाजूला ठेवली. नवव्या दिवशी दुपारी सगळी जमीन भरली, चारी बाजूंनी फुलं बघायला लागली, आणि तिसऱ्या ओळीत एकच चौकोन उघडा राहिला.

सून बाजारात गेली होती. बाई खुर्चीत होत्या.

“झालं?”

“एक राहिलीय.” ती उठली. गुडघे कडाडले. फरशी घेऊन ती खुर्चीपाशी गेली. “हात द्या.”

“कशाला?”

“द्या तर.”

तिने बाईंचा अंगठा धरून फरशीच्या पाठीवरून फिरवला. “काय लागतं?”

“रेघ आहे. नाही… बाण आहे का गं?”

“प्रत्येक फरशीला आहे. डोळा कुठल्या कोपऱ्यात, ते सांगायला. तुमच्या मिस्त्रींना दिसत नव्हतं. ते अंगठ्याने बघायचे.”

बाईंचा अंगठा थांबला. मग पुन्हा त्या रेघेवरून गेला, हळूहळू, शेपटीपासून टोकापर्यंत.

“दिसत नव्हतं?”

“नाही.”

“आणि मी त्याला…” बाईंनी वाक्य अर्ध्यावर सोडलं. फरशी मांडीवर ओढून घेऊन म्हणाल्या, “मग बोलला का नाही तो?”

“बोलले असते तर काम दिलं असतंत?”

बाई भलत्याच भिंतीकडे बघत होत्या. फरशी अजून त्यांच्या मांडीवर होती.

“हीच का ती?”

“हीच. बाण चुकलाय हिचा.”

“कोण काढायचं बाण?”

तिला वाटलं होतं, या प्रश्नाला ती अडखळेल. अडखळली नाही.

“असेल कुणीतरी. त्यांच्या हाताखालचं.”

तिने फरशी बाईंच्या मांडीवरून काढून घेतली. चौकोनापाशी बसली, चुना पसरला, फरशी टेकवली. डोळा डोळ्यांना भिडला. रबरी हातोड्याचे चार ठोके चार कोपऱ्यांवर दिले आणि फडक्याने वरचा चुना पुसून घेतला. फूल पुरं झालं. पंचावन्न वर्षांत नसेल इतकं नितळ दिसत होतं.

मग तिने थापी, छिन्नी, सुरी गोणपाटात गुंडाळली.

“सरळ बसवलीस ना?” बाईंनी विचारलं. आवाज बारीक झाला होता. “सगळ्या सरळ आहेत ना गं?”

ती दारात जाऊन पोचली होती. चपला पायांत सरकवल्या.

“शोधा की,” ती म्हणाली.

अंगणाच्या फाटकापर्यंत गेल्यावर तिने एकदाच मागे बघितलं. उघड्या दारातून दिवाणखाना दिसत होता. बाई खुर्चीतून उठल्या होत्या. काठी भिंतीशी टेकवून, चपला काढून, त्या अनवाणी पावलाने पहिली फरशी चाचपत होत्या. मग दुसरी. मग तिसरी.

फाटकाची कडी लावताना तिच्या लक्षात आलं, आपला अंगठा मघापासून लोखंडावर, बाण चाचपावा तसा, एकाच जागी फिरतो आहे.