लाखेचं सील

दिवाळीपर्यंत साडेचार वर्षांच्या पदूने बारा शब्द कमावले होते. होळी आली तेव्हा त्यांतले सातच उरले. ‘काऊ’ आधी गेला, मग ‘भात’, मग ‘दार’... तिच्या आईला, जयाला, लेकीचे गेलेले सगळे शब्द तोंडपाठ होते.

पदूच्या गळ्यातल्या कापडी पिशवीत ऐकायचं यंत्र होतं, पण त्यातला सेल संपून सहा आठवडे झाले होते. सेल साधाच असणार, असं कर्जतच्या बाजारातला रेडिओ दुरुस्त करणारा गजा पैजेवर सांगायचा. कंपनी म्हणायची, तो खास आहे. सेलच्या खणावर कंपनीने लाखेचं सील ठोकलेलं. ते उघडायचं फक्त त्यांच्या दादरच्या दुकानात, सेल घालायचा त्यांनीच. अशी यंत्रं विकणारी दुसरी कंपनी इकडे नव्हतीच.

जयाने बी.ए.ला अर्थशास्त्र घेतलं होतं. मक्तेदारीविरुद्ध एकोणसत्तर सालचा कायदा होऊन सातआठ वर्षं झालीत, दिल्लीत आयोग बसलाय, हे तिला परीक्षेपुरतं ठाऊक होतं. नेरळच्या गौराबाई आणि खोपोलीची एक बाई, दोघींची मुलं अशीच. त्यांना जोडीला घेऊन तिने अर्ज धाडला आणि चक्क उत्तर आलं. यंत्र सीलसकट आणा, असं चौकशी अधिकाऱ्याने लिहिलं होतं. सगळ्यांदेखत उघडू, बाजारातला सेल घालू. चाललं, तर कंपनीला बोलायला जागा राहणार नाही.

गौराबाईंचं यंत्र कंपनीने दुरुस्तीच्या नावाखाली ठेवून घेतलं होतं, दुसरीचं पाण्यात पडून गेलं होतं. सील शाबूत होतं ते एकट्या जयाचं. आणि अर्जाचा सुगावा लागल्यापासून दादरच्या दुकानाने तिला सेल देणं बंद केलं होतं. ‘निकाल लागू दे की, बाई,’ असं काउंटरवरचा माणूस हसून म्हणाला होता.

सुनावणी गुरुवारी होती. सोमवारी पोस्टमनने पाकीट टाकलं. जयाने उभ्यानेच वाचलं, मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

“काय लिवलंय गं?” सासूबाईंनी, गोदूबाईंनी विचारलं.

“कंपनीच्या वकिलाने मुदत मागितली. तारीख जूनवर गेली.”

“तवर ही पोर मुकी व्हईल! फोड ते. लाखच हाय, देवाचं कुलूप नाय.”

“फोडलं तर आम्हीच आत काहीतरी केलं म्हणतील. गौराबाईंना काय तोंड दाखवू मी?”

“आन हिला?”

पदू झोपेतून उठून आली होती. रोज उठल्याउठल्या ती हाक मारायची. आज ती नुसती पदर ओढत उभी राहिली. जयाने तिच्यासमोर गुडघे टेकले. “म्हण, आई. आ-ई.”

पदूने ओठ अगदी बरोबर हलवले. आवाज मात्र आला नाही.

जयाने तिला उचललं आणि तशीच, चपला न घालता, ती गजाच्या दुकानात गेली.

“हात नाय लावणार मी, वैनी,” गजा म्हणाला. “साक्षीला येतो बोललो ना तुमाला? सील तुटल्यावर कशाची साक्ष देऊ?”

“मग पेचकस दे. मी उघडते.”

“जूनपत्तूर थांबा.”

“तू थांबला असतास?”

गजाने पेचकस तिच्यापुढे सरकवला आणि भिंतीकडे तोंड केलं. “मी काय बघितलं नाय. मी आपला देवाच्या तसबिरीकडं बघतोय.”

जयाने पेचकसाचं टोक लाखेत घातलं. दोनदा पेचकस घसरला. तिसऱ्यांदा लाख तडकली, लाल कपचे मांडीवर पडले. आतला सेल तिने बाहेर काढला. त्यावर कंपनीच्या नावाचा कागद गुंडाळलेला होता. एक कडा सुटली होती, ती तिने नखाने ओढली. खाली दुसरंच नाव निघालं. गजाच्या काचेच्या बरणीतल्या सेलांवर होतं तेच.

“गजा! वळ! हे बघ, गजा!”

गजा वळला. त्याने सेल हातात घेतला, कागद बघितला, जयाच्या मांडीवरची लाख बघितली.

“आता बघून काय उपेग, वैनी? हा कागद तुमीच चिकटवला म्हणतील. तुमी फोडताना मी बघत असतो तर...” आणि त्याने स्वतःच्याच कपाळावर हात मारला.

मग त्यानेच बरणीतला सेल घातला, खटका दाबला.

रेडिओ लागलेला होता. पदू दचकली, दोन्ही हातांनी पिशवी पकडून भोकाड पसरून रडायला लागली. गजा रेडिओ बंद करायला उठला.

“राहू दे,” जया म्हणाली.

“गौराबाईंना काय सांगनार?”

“खरं तेच.”

“आन त्यांच्या पोराचं?”

जयाने मांडीवरचे लाखेचे कपचे वेचून मुठीत घेतले. पदूचं रडणं हळूहळू ओसरलं. तिने आईची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं आणि ती तिच्या ओठांकडे टक लावून बघू लागली. जयाच्या तोंडून एक शब्द फुटेना.