पंधरा दिवसांचा शिधा

माझ्या नवऱ्याला गुपित राखता येतं असं सरकारला वाटलं, यावरूनच त्या सरकारची पारख कळते.

१९४० चा उन्हाळा होता. फ्रान्स पडला होता आणि इंग्लंडच्या दक्षिणेला आमच्या डेव्हनच्या किनाऱ्यावर जर्मन आज उतरतात की उद्या, एवढंच लोक बोलत. गावातले पुरुष होमगार्डात गेले. दर रविवारी शाळेच्या पटांगणात, बंदुका नव्हत्या म्हणून झाडूचे दांडे खांद्यावर टाकून कवायत करायचे. अ‍ॅम्ब्रोज म्हणाला, मीही होमगार्डात. पण हा जायचा मंगळवारी, गुरुवारी नि शनिवारी. पाववाल्याने मला सरळ सांगितलं, तुझा नवरा रविवारी आम्हाला एकदाही दिसला नाही.

शेजारच्या हॅनाफर्डबाईंनी मान तिरकी केली. "हेस्टर, वाईट वाटून घेऊ नकोस, पण भानगड बाईची असणार."

"असली तर मोजेही तिनेच धुवावेत," मी म्हटलं.

बाई नव्हती हे मला कपड्यांवरून कळलं होतं. आमची माती लाल. याच्या विजारीच्या गुडघ्यांना पिवळा चिखल. तशी माती एकाच ठिकाणी, ओढ्यापलीकडच्या ओकच्या रानात, तीही पुरुषभर खणल्यावर. जन्मभर याने चर खणले आणि कुंपणं छाटली, पण घरात शिरताना गुडघे झाडायची अक्कल नाही.

एका शनिवारी दुपारी मी सरपणाच्या निमित्ताने तिकडे गेले. एका झाडाखाली पाचोळा इतका नीट पसरलेला की आमच्या चर्चमध्येही तेवढी झाडलोट होत नाही. शेजारी वठलेला बुंधा, आणि बुंध्याच्या पोकळीतून परतलेल्या कांद्याचा वास. मी बुंध्यावर बसले. खालून अ‍ॅम्ब्रोजचा खोकला ऐकू आला, मग एक साहेबी आवाज. तो कॅप्टन लव्हरिंगचा. मोटारीतून गावात यायचा आणि धान्यखात्याचा माणूस म्हणवून घ्यायचा.

"ही जागा कोणाला सापडणं शक्य नाही," तो सांगत होता. "जर्मन आले की इथे उतरायचं. ते पुढे सरकले की मागून त्यांचे पूल नि पेट्रोल उडवायचं. आणि बायकोजवळ चकार शब्द नाही. बायकांच्या पोटात काही राहत नाही."

मी सरपण उचललं आणि घरी आले. कोणाजवळ बोलले नाही.

आठवड्याने, नवरा धरून त्या तुकडीतले पाचही शूर आपापल्या कामावर असताना, मी परत गेले. पाचोळ्याखालच्या झाकणाची कडी सापडायला चहा मुरायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही. शिडीने उतरले. पत्र्याची कमान, पाच फळ्यांचे बिछाने, स्फोटकांच्या पेट्या आणि त्या पेट्यांवरच चिकटवलेल्या मेणबत्त्या. रमचा बुधला हुंगला, तर आत निम्मा चहा.

मग मी खाण्याचे डबे पाहिले आणि माझं हसू गेलं. वीस वर्षं घर चालवणाऱ्या बाईला फार मोजावं लागत नाही. पाच माणसांना पंधरा दिवस. पुढे काही नव्हतं.

संध्याकाळी चहाच्या वेळी मी विचारलं, "सोळाव्या दिवशी काय खाणार?"

अ‍ॅम्ब्रोजचा घास हातातच राहिला. कुठला सोळावा, असं त्याने विचारलं नाही. बशीकडे बघत म्हणाला, "कॅप्टन म्हणतो, त्यापुढचं लागणार नाही."

"का?"

"तोवर आम्ही उरणार नाही."

"आणि तू हो म्हणालास."

"कोणीतरी म्हणायला हवं होतं, हेस्टर."

"आणि मी? जर्मन दारात आले की त्यांना केक कापून देत बसू?"

तो रडला. याआधी फक्त घोडी मेली तेव्हा रडला होता. मला भयंकर राग आला, आणि राग आला की मी काम काढते.

दुसऱ्या दिवशी भुयारापर्यंत चार खेपा केल्या. सहा बरण्या कांद्याचं लोणचं, खारवलेलं डुकराचं मांस, बटाटे, सफरचंदं. प्रत्येक बरणीच्या तोंडाला कापड बांधून फळीवर ओळीने लावल्या. त्यावर महिना निघाला असता.

मंगळवारी कॅप्टनसाहेबांनी त्या बरण्या पाहिल्या आणि पांढरेफटक पडले. जर्मन हेर येऊन गेला म्हणे, जाताना विषारी अन्न ठेवून गेला. हेर लोणचं कशाला घालेल, असं लोहाराने विचारलं, त्याला गप्प बसवलं. सगळं जुन्या खाणीत नेलं आणि सुरुंग लावून उडवलं. रेशनच्या दिवसांत. त्या तुकडीने संपूर्ण युद्धात केलेला हा एकमेव हल्ला.

दोन दिवसांनी कॅप्टन माझ्या दारात. "मिसेस टकेट, आसपास कोणी अनोळखी माणूस दिसला का?"

"एक दिसतो," मी म्हटलं. "धान्यखात्याचा म्हणवतो आणि गहू की जव ते ओळखत नाही."

तो लगेच निघाला.

बरण्यांवरचं कापड अ‍ॅम्ब्रोजच्याच जुन्या सदऱ्याचं होतं. त्याने ते ओळखलं होतं, पण कॅप्टनजवळ तोंड उघडलं नाही. तीन आठवडे खपून त्यांनी दुसरं भुयार खणलं. एके दिवशी बटाटे काढताना, मी काही विचारलेलं नसताना, तो वाकलेलाच म्हणाला, "हॅनाफर्डच्या मेंढवाड्यामागे. सहावा बिछाना टाकलाय. कॅप्टनला सांगितलंय, सामानासाठी आहे."

मी म्हटलं, "रुंद आहे का? तू पाय पसरतोस."

"वेगळा आहे," तो म्हणाला.

जर्मन आले नाहीत. १९४४ मध्ये तुकडी मोडल्याचं पत्र आलं. कामाची वाच्यता होऊ शकत नाही, म्हणून जाहीर आभारही मानता येत नाहीत, असं त्यात लिहिलेलं. रविवारच्या झाडूवाल्यांचा फोटो गावच्या सभागृहात लागला. अ‍ॅम्ब्रोजला मात्र लोक शेवटपर्यंत म्हणायचे, युद्धातून तू बरा सुटलास रे, आणि तो नुसती मान हलवायचा. गुप्ततेच्या कागदावर त्याने सही केली होती. गेल्या हिवाळ्यात तो गेला.

मी कुठेच सही केलेली नाही.