सुनावणीत बोललेलं

मी तोंडाळ आहे. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी मनातल्या मनात म्हणत बसायला नको. पंचवीस वर्षं रिक्षांचे कार्बोरेटर साफ करणारी बाई गोड बोलून टिकत नसते. नवरा गेला तेव्हा दुकान बंद करा म्हणणारे पुष्कळ होते. मी पंधरा दिवसांनी शटर वर केलं, कार्बोरेटरचे बारीक भोकांचे जेट सोडवले, पेट्रोलच्या डब्यात बुडवले आणि कामाला लागले. तेव्हापासून सगळे रिक्षावाले मला मावशी म्हणतात आणि जरा जपूनच असतात.

मुलगा याच दुकानात शिकला. हात माझ्याहून चांगला. पण त्याच्या डोक्यात मोटर शिरली. जुन्या रिक्षाचं इंजिन काढायचं आणि तिथे विजेची मोटर आणि बॅटरी बसवायची. मागच्या गल्लीत गाळा घेतला, खेटे घालून सरकारी परवाना काढला. मी म्हटलं, "आईच्याच पोटावर पाय देतोस?"

"पोटावर नाही गं, खोकल्यावर," तो म्हणाला.

मला जुना खोकला आहे. धूर काही कमी खाल्लेला नाही मी. हसू आलं होतं, पण दाखवलं नाही.

दुपारी तो घरी जेवायला यायचा आणि दिवसभराचं सगळं सांगायचा. तिशीला आला तरी तोंडात घास आणि बडबड चालूच. एकदा हाताला फडकं गुंडाळून आला. पहिल्याच गाडीत बारीक वायर घातली होती, ती तापली, वरचं प्लास्टिक वितळलं, सीटखालून धूर आला. गाडी गाळ्यातच होती, आत कुणी नव्हतं. त्यानं सगळी वायर उपटून जाड घातली, आठ दिवस पोती भरून गाडी चालवली, मगच मालकाच्या हातात दिली.

"कुणाला सांगू नकोस हं आई. लाज वाटते," म्हणाला.

"मी कशाला सांगतेय," मी म्हटलं आणि मलम लावलं.

त्यानंतर तो नियम आला. दोन वर्षांनी शहरात पेट्रोलची एकही रिक्षा दिसता कामा नये. मोटर बसवा नाहीतर गाडी भंगारात घाला. रिक्षावाल्यांच्या तोंडचं पाणी पळालं. मोर्चे निघाले, विरोधी पक्षाचे पुढारी येऊन खांद्यावर हात ठेवून गेले. मीही गेले मोर्चाला. का जाऊ नये? माझंही दुकान होतं. मुलानं मला कधी अडवलं नाही. उलट बाटलीत पाणी भरून द्यायचा, घसा बसेल म्हणून.

मग सरकारनं हरकती ऐकायला सुनावणी ठेवली. मोठा हॉल, पुढे टेबलाशी तीन साहेब. आमच्या रिक्षा संघटनेचे अध्यक्ष बोलायला उठले आणि पार ढेपाळले. कागद उलटा धरला, आकडे चुकले. पडद्यावर आलेख दाखवणारा एक तरुण साहेब गालात हसला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी उठले. म्हटलं, या मोटर बसवलेल्या गाड्या पेटतात.

"बाई, ऐकीव गोष्टी नकोत," तो म्हणाला. "तुम्हाला यातलं काय माहीत?"

बस, एवढं पुरलं. "माझाच मुलगा बसवतो," मी म्हटलं. "परवानावाला आहे. त्याच्याच गाडीतून धूर निघालाय, त्याचाच हात भाजलाय. मी माझ्या हातानं मलम लावलंय."

हॉलभर टाळ्या पडल्या. इतक्या टाळ्या मला जन्मात कुणी दिल्या नव्हत्या. मला ते आवडलं. हे मी आजवर कुणाला कबूल केलेलं नाही.

साहेबांनी ते लिहून घेतलं आणि माझी सही घेतली. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं. पुढारी प्रत्येक सभेत सांगायला लागले, एका आईनं छातीवर दगड ठेवून सत्य सांगितलं. तीन महिन्यांनी नियम पुढे ढकलला, केव्हापर्यंत ते कुणालाच ठाऊक नाही. गुलाल काय, पेढे काय, मला खांद्यावर घ्यायचंच बाकी होतं. आणि त्याच आठवड्यात मुलाच्या गाळ्याला नोटीस लागली. चौकशी होईपर्यंत परवाना स्थगित.

मी अर्ज घेऊन कचेरीत गेले. कारकुनाला म्हटलं, माझं बोलणं परत घ्यायचंय.

"तुम्ही खोटं बोलला होतात का?"

"नाही. पण त्यानं ती वायर बदलली होती. लगेच बदलली होती."

"ते इथे कुठे लिहिलेलं नाही."

"मी बोललेच नाही ते. कुणी विचारलंच नाही."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, पुन्हा कागदाकडे पाहिलं आणि अर्ज ठेवून घेतला. अजून तो तिथेच पडून आहे.

मुलगा भांडला असता तर बरं झालं असतं. भांडण मला जमतं. रडत त्याच्यापुढे गेले तर म्हणाला, "आई, तू खोटं कुठे बोललीस?" आणि मला पाणी आणून दिलं. दुपारी जेवायला अजून येतो. भाजी चांगली झालीय म्हणतो, दळण आणू का विचारतो. कुणाशी काय झालं, चौकशी कुठवर आली, एक अक्षर नाही. मी खोदून विचारलं तर "काही विशेष नाही" म्हणतो. मी माझ्याच पोराच्या समोर बसून कान टवकारते आणि फक्त चावण्याचा आवाज ऐकते.

माझ्या दुकानात मात्र रांग आहे. परवा आमचा लंबू रिक्षावाला कार्बोरेटर घेऊन आला. मी त्यातला तरंगता फ्लोट काढून बघत होते.

"सोमवारपासून करमायचं नाही मावशी तुम्हाला," तो म्हणाला.

मी मान वर केली नाही.

"पोरानं एवढ्या लांब जायचं म्हणजे. पण बस बनवायचा कारखाना मोठा आहे म्हणे, चीज होईल त्याच्या हाताचं. सामान गाळ्यातच बांधून ठेवलंय, मलाच न्यायला सांगितलंय."

माझ्या हातातला ब्रश पेट्रोलमध्ये पडला. मी तो काढला, पुसला.

"हो ना," मी म्हटलं. "मीच म्हटलं त्याला, जा म्हणून."

"तरीच. एरवी तो तुम्हाला सोडून जायचा नाही."

मी जेट घासत राहिले. तेवढं एक काम हात आपोआप करतात. मग म्हटलं, "किती वाजता बोलावलंय रे तुला? मला सांगितलं होतं त्यानं, पण हल्ली माझ्या काही लक्षात राहत नाही."

"पहाटे पाचला," लंबू म्हणाला. "मावशी उठायच्या आत निघू म्हणालाय."

"बरोबर," मी म्हटलं. "पाचच म्हणाला होता."