कागदावरचा वाढदिवस

आई गेली त्याच्या आदल्या दिवशी दुकानात एका पँटवरून वाद चालला होता. गिऱ्हाइकाने गेल्या वर्षी आमच्याकडूनच ती कमरेत सैल करून नेली होती, आणि आता त्याचं म्हणणं होतं की कापड आटलं.

"कापड आटलं, की तुम्ही वाढलात?" आई म्हणाली. टाचण्या ओठांत धरून बोलायची तिची सवय, त्यामुळे तिचे टोमणे नेहमी दातांमधून यायचे. "आत दोन बोटं कापड उरलंय. पुढच्या वर्षी तेही नाही उरायचं. काय ते ठरवा."

तो हसत हसत पँट ठेवून गेला. मी आठवडाभर ग्रंथालयात पुस्तकांच्या नोंदी करते आणि शनिवारी आईकडे बटणं लावायला बसते. बसायचे.

"ठकू," आई म्हणाली, "पुढच्या महिन्यात मला सत्तर पूर्ण होतायत. सगळ्यांना बोलवू या. मामाला मीच फोन करते. तुझं नि त्याचं काय बिनसलंय, देव जाणे."

"काही नाही बिनसलं."

"मग त्याचं नाव काढलं की मान खाली का जाते?"

"सुईत दोरा ओवतेय, आई."

"ओव. तुझा दोरा कधी ओवून झालाय का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप ओट्यावर ठेवता ठेवता ती खाली बसली, ती उठलीच नाही.

हॉस्पिटलात डॉक्टर बोलत होते, दादा भिंतीला टेकून रडत होता, आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो असा: आता सांगता येईल. त्या विचाराची मला अजून शिसारी येते. पण तो आला होता, हे लपवून उपयोग नाही.

सांगायचं होतं ते मामाबद्दल. मी नऊ वर्षांची असल्यापासून अकराची होईपर्यंत तो दर आठवड्याला शिवणयंत्रांना तेल घालायला यायचा. त्याच वेळी आई तयार कपडे पोचवायला बाहेर पडायची. दुकानाच्या मागच्या खोलीला आतून कडी होती. इथे एवढं पुरे.

तीन वर्षांपूर्वी कायदा बदलला. लहानपणी ज्यांच्यावर असे अत्याचार झाले, त्यांना चाळिसावा वाढदिवस येईपर्यंत तक्रार करता येईल असं ठरलं. ग्रंथालयात वर्तमानपत्रं लावताना मी ती बातमी वाचली, पुन्हा वाचली, आणि अंक घडी करून जागेवर ठेवला. मामा आईचा एकुलता एक भाऊ. वडील वारल्यावर दुकान चालू राहिलं ते त्याच्या आधाराने. तिच्या जिवंतपणी मी तोंड उघडणार नव्हते. मुदत टळून जाईल हे मी मनाशी मान्य करून टाकलं होतं. आई सत्तरीची, धडधाकट; मी चाळिशीला टेकलेली. यात आधी काय संपणार हे उघड होतं.

पण ती आधी गेली. मला चाळीस पूर्ण व्हायला चार महिने होते.

दोन आठवड्यांनी, सोमवारी, मी एका वकीलबाईंकडे गेले. त्यांची खोली दातांच्या दवाखान्याच्या वर होती. खालून मशीनची घरघर ऐकू यायची आणि त्या तेवढ्यापुरत्या थांबायच्या. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं. म्हणजे मी वहीच्या पानावर लिहून नेलं होतं, ते त्यांनी वाचलं. मग ओळखपत्र मागितलं.

"यावर जन्मतारीख वेगळी आहे."

"ती शाळेतली. खरी नाही."

तो किस्सा आई रंगवून सांगायची. शाळेत घ्यायला माझं वय तीन महिन्यांनी कमी पडत होतं. आईने कारकुनापुढे माझं तोंड उघडून दाखवलं: बघा, दात पडायला लागलेत, ही काय लहान दिसते? तो दात पायरीवर आपटून पडला होता. कारकुनाने तारीख मागे नेली. एवढी घाई कशाला केलीस, असं विचारलं की आई म्हणायची, "मी दिवसभर यंत्रावर. तुला कोणाच्या भरवशावर ठेवणार होते? शाळेत चार माणसांच्या नजरेसमोर तरी राहशील."

"म्हणजे कागदावर तुम्ही येत्या शुक्रवारी चाळीस पूर्ण करता," वकीलबाई म्हणाल्या.

"पण मी करत नाही. मला अजून साडेतीन महिने आहेत."

"मला पटतंय. समोरच्या वकिलाला पटायला हवं ना. हॉस्पिटलचा दाखला आहे?"

"ते हॉस्पिटल कधीच बंद झालं."

"आणि आई..." त्या थांबल्या. खालची घरघरही नेमकी थांबली होती. "भांडता येईल. पण गुरुवारपर्यंत तक्रार नोंदवलीत, तर तारखेवरून भांडावंच लागणार नाही. तक्रार म्हणजे शिक्षा नव्हे, हे आत्ताच सांगते. पुरावा काय, तो काय म्हणेल, सगळं पुढे. मुदत टळली तर मात्र कुणी ऐकूनही घेणार नाही."

बुधवारी संध्याकाळी दुकानात गेले तर मामा आईच्या स्टुलावर बसलेला. दादाने त्याला यंत्रं बघायला बोलावलं होतं.

"या ठकूताई," तो म्हणाला. "ही यंत्रं मोडीत नका काढू हं. उद्या दुपारी सगळी खोलून साफ करतो. तूही ये, लहानपणी तेलाची बुधली तूच धरायचीस."

"उद्या मला काम आहे."

तो हात धुवायला मागे गेला. दादा माझ्यावर घसरला. "एवढं काय काम असतं तुला? आईला जाऊन तीन आठवडे नाही झाले. तो म्हातारा माणूस इथे येऊन राबतोय आणि तू त्याच्याशी धड बोलत नाहीस. आईला काय वाटलं असतं?"

"वाईट वाटलं असतं," मी म्हणाले. तेवढं खरं होतं.

"मग?"

मागच्या खोलीत नळ बंद झाला. "उद्या संध्याकाळी घरी थांब," मी दादाला म्हणाले. "मी येते. एकटा थांब."

गुरुवारी सकाळी दहाला मी पोलीस ठाण्यात पोचले. टेबलापलीकडे माझ्याच वयाची एक अधिकारी बसली होती. चष्मा डोक्यावर चढवलेला, डबा अर्धा उघडा.

"बसा. काय हरवलंय?"

"हरवलं नाही काही. तक्रार आहे. नातेवाइकाबद्दल."

"जागेचं भांडण?"

"नाही."

वहीचं पान मी पुढे सरकवलं. तिने ते वाचायला घेतलं, चार ओळी वाचल्या आणि पालथं ठेवलं. उठून दार लावलं, डब्याचं झाकण बंद केलं.

"हे मी लावून घेईन कागदांना. पण जबाब तुमच्या तोंडून लागतो. सावकाश सांगा. घाई नाही."

जन्मभर मी पुस्तकांत राहिले. असं काही झालेल्या बायकांची पुस्तकंही वाचली, त्यांच्या नोंदी केल्या, कपाटात लावली. त्यातलं एकही वाक्य आता आठवेना. ती पेन हातात धरून वाट बघत राहिली, काही सुचवायला गेली नाही.

"मी नऊ वर्षांची होते," मी म्हणाले. माझा आवाज मला वाटला होता त्याहून मोठा निघाला. "माझ्या मामाने आमच्या दुकानाच्या मागच्या खोलीत माझ्यावर लैंगिक अत्याचार केले. दोन वर्षं. आईला मी कधीच सांगितलं नाही."