बिघाड नव्हता

“हे वाक्य कुणी लिहिलं, मॅडम?”

काका कागद हातात घेऊन दारातच उभे राहिले. एकतीस वर्षं पाणी तपासणाऱ्या या माणसाला अख्खी प्रयोगशाळा काकाच म्हणे. पाण्यातलं शिसं शोषून घेणाऱ्या मातीवर मॅडमनी शोधनिबंध लिहिला होता. तक्त्यातले आकडे ताडून सही करायची, एवढंच काकांचं काम. पण आकड्यांखालची ओळ त्यांनी वाचली आणि चहा तसाच ठेवून ते उठले: ‘यंत्रातील बिघाडामुळे दोन नोंदी वगळल्या आहेत.’

“मीच लिहिलं. का?” मॅडमनी मान वर केली नाही.

“यंत्र बिघडलं नव्हतं. त्या दिवशी मी ते दोनदा तपासून घेतलं होतं. त्या दोन बाटल्या तर तीन-तीन वेळा यंत्रावर लावल्या. माती घालूनही शिसं होतं तेवढंच राहिलं.”

मॅडमनी चष्मा काढला. “काका, निबंधात आधी आपलं म्हणणं मांडायचं, मग पुरावा द्यायचा, मग निष्कर्ष काढायचा. अठरातल्या सोळा बाटल्या माझ्या बाजूने बोलतात. या दोघी मध्येच फाटा फोडतात. त्यांचं काहीतरी कारण द्यायलाच हवं ना?”

“खरं कारण काय आहे?”

“तुम्हाला माहीत आहे?”

“नाही.”

“मलाही नाही. आणि ‘माहीत नाही’ असं लिहिलं, तर सगळ्या मांडणीलाच भोक पडतं. पाचपर्यंत पाठवायचाय. माझी बढती यावर अडलीय, काका.”

काका परत आले खरे, पण बूड टेकेना. स्वच्छ ओटा पुन्हा पुसला. धुतलेल्या नळ्या पुन्हा धुतल्या. नोंदवही काढून तो दिवस वाचला, मिटली, परत उघडली. शेवटी घरी फोन लावला.

“अहो, निवृत्तीला दोन महिने राहिलेत तुमच्या,” बायको म्हणाली. “एका ओळीनं कुणाचं काय बिघडतंय? गप सही करा आणि मोकळे व्हा.”

“उद्या कुणी ही माती गावातल्या टाकीत घालेल. पाणी लेकरंही पितात.”

“मग मला कशाला विचारता? तुमचं तर ठरलेलंच दिसतंय.”

साडेचारला काकांनी सही केली. सहीखाली लिहिलं, ‘आकडे बरोबर. बिघाड नव्हता.’

मॅडमनी कागद पाहिला. त्या लालबुंद झाल्या. “जा तुम्ही,” एवढंच म्हणाल्या. निबंध गेला तो मात्र ओळ बदलून: ‘दोन नमुन्यांत शिसे कमी झाले नाही. कारण सापडले नाही.’ ही बातमी काकांना कारकुनाकडून कळली.

सात आठवड्यांनी निबंध परत आला. परीक्षकांनी एकच धोशा लावला होता, आधी त्या दोन नमुन्यांचा उलगडा करा. बढती दुसऱ्याला मिळाली. मॅडम काकांशी कामापुरतंही बोलेनाशा झाल्या. चिठ्ठीवर लिहून पाठवत.

निरोपाच्या दिवशी प्रयोगशाळेच्या साहेबांनी चार शब्द बोलून घेतले, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मॅडम आल्या नाहीत. काकांची नजर सारखी दाराकडे जात होती, आणि आपण अशी वाट बघतोय याचाच त्यांना राग येत होता.

सगळे पांगल्यावर ते आपल्या खोलीत गेले आणि यंत्र बंद केलं. ते निवायला वीस मिनिटं लागत. तोवर वर कापड घालायचं नसे. नव्या माणसाला हे कुणी सांगितलं असेल की नाही, देव जाणे. काका स्टुलावर बसून राहिले.

“गेला नाहीत अजून?”

दारात मॅडम होत्या.

“गरम आहे जरा. निवू दे.”

मॅडम घुटमळल्या. मग त्यांनी कोपऱ्यातलं दुसरं स्टूल ओढलं आणि यंत्राच्या पलीकडे बसल्या. काकांनी घडी केलेलं कापड मांडीवर घेतलं.