काठीची सावली

मुलांच्या हातात मोबाइल आले नव्हते, त्या काळातली ही गोष्ट. भूगोलाच्या बाईंच्या जिवाला त्या सहलीत घोर लागला होता, कारण मोठे सर, म्हणजे शाळेचे मुख्याध्यापक, मुद्दाम सोबत आले होते. "अख्खा दिवस वाया जातो, बाई. उपयोग दिसला तर ठीक, नाहीतर ही शेवटची सहल," असं त्यांनी बसमध्येच सांगून टाकलं होतं.

टेकडीवर पोचल्यावर बाईंनी नववीच्या वर्गाला सोपं म्हणून पहिलं हेच विचारलं, "उत्तर दिशा दाखवा बरं."

अठ्ठावीस हात वर गेले. थेट आभाळाकडे.

वर्गात नकाशा भिंतीवर टांगलेला. उत्तर म्हणजे वर, पंख्याच्या बाजूला, हे मुलांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"झालं," मोठे सर म्हणाले. "हे काय शिकवलंत?"

"वर्गात याच मुलांना पैकीच्या पैकी मिळतात, सर," बाई हळूच म्हणाल्या आणि त्यांनी मोकळ्या जागी एक काठी रोवली. "सावली सगळ्यात आखूड होईल, तेव्हा ती उत्तरेला असेल. दर पाच मिनिटांनी रांगेतल्या एकेकाने तिच्या टोकावर खडा ठेवायचा."

आधी नुसतं खिदळणं चाललं होतं. वर्गातली बडबडी मुलगी, जिला सगळे रेडिओ म्हणत, म्हणाली, "बाई, सावली झोपलीय. चिमटा काढू?" पण खडे काठीकडे सरकू लागले, तशी कुजबुजही थांबली. सगळी मुलं गुडघ्यांवर आली.

मग एक खडा आधीच्यापेक्षा किंचित लांब पडला.

रेडिओचा आवाज अगदी बारीक झाला. "काठी तर हलली नाही. म्हणजे बाई, आपणच फिरतोय? या टेकडीसकट?"

"हो गं."

तिने दोन्ही तळवे जमिनीवर घट्ट टेकवले. एकेक करत साऱ्यांनीच टेकवले. बाईंच्या अंगावर काटा आला. इतकी वर्षं त्या हेच शिकवत होत्या, पण पायाखाली ते आज पहिल्यांदा जाणवलं.

कडक इस्त्रीची पँट सावरत मोठे सरही खाली बसले. "पुढचा खडा मी ठेवू?"

"रांगेत या, सर," रेडिओ म्हणाली.

सर मुकाट्याने रांगेच्या शेवटी गेले. तिथून सावलीवरची नजर न काढता म्हणाले, "बाई, पुढच्या वर्षी आठवीलाही आणा."