खोक्यात होतं तेवढंच

मित्रांनो, आत्मवृत्त सांगायला आधी जुनं व्हावं लागतं, अशी एक समजूत आहे. गंजलेली सायकल आपली कहाणी सांगते, फाटकी छत्री सांगते. मी मात्र कालपरवाचा आहे. मी एक नवाकोरा फोन आहे. नवा फोन आला की तुम्ही माणसं पहिल्याच दिवशी त्याच्याविषयी मत देऊन मोकळी होता. म्हटलं, आपण तरी मागे का राहावं? तुम्ही मला पाहिलंत, तसं मीही तुम्हाला पाहिलं आहे.

माझ्या कंपनीत मला ‘फ्लॅगशिप’ म्हणतात, म्हणजे ताफ्यातलं झेंडा मिरवणारं जहाज. जन्माचं मला फार आठवत नाही. लख्ख उजेड होता आणि हातमोजे घातलेली बोटं होती. आम्हाला तिथं सारखं सांगितलं जायचं, जग तुमचा कॅमेरा बघून वेडं होईल. मग या जहाजाला पेटीत घालून पाठवलं कुठं, तर बोलिव्हियाला. या देशाला समुद्रच नाही! ला पाझ शहरात, डोंगराच्या उतारावरच्या एका दुकानातून मला नोएमी नावाच्या मुलीनं घेतलं. ती दातांच्या दवाखान्यात कामाला होती. आता ही माझे फोटो काढणारे डोळे बघेल, म्हणून मी अगदी नटून बसलो होतो. तिनं खोकं उघडलंसुद्धा नाही. तसंच बंद खोकं घेऊन ती तडक मामाकडे गेली.

“घे मामा, पाच दिवस तुझा. चोवीस तारखेला दुपारी परत दे.”

कास्तोमामा बाहुलीच्या घरात शोभतील अशा इवल्या वस्तू बनवायचे. मोटार, विटा, पिठाची पोती, पासपोर्ट, सगळं नखाएवढं. चोवीस जानेवारीला तिथं अलसितासची जत्रा भरते. वर्षभरात जे हवं असेल त्याची इवली प्रतिकृती त्या दिवशी विकत घ्यायची आणि बाराच्या ठोक्याला धुपावर धरून आशीर्वाद घ्यायचा. मग वर्षात ती वस्तू खरीखुरी घरात येते, असं सगळे मानतात. मी मानतो का? मित्रांनो, मी यंत्र आहे, पण त्या गर्दीत उभं राहिलं की मानावंसं वाटतं खरं.

गेल्या वर्षी मामांच्या हातून एक चूक झाली होती. जाहिरातीतलं चित्र बघून त्यांनी फोन बनवले होते. बटणं उलट्या बाजूला गेली आणि पाठीवर कॅमेऱ्याची एक काच जास्त पडली. संत्र्याचा रस विकणाऱ्या बेनिताबाईंनी त्यातला एक नेला. सहा महिन्यांनी त्यांनी बाजारातून खरा फोन घेतला, तो निघाला नकली. कॅमेऱ्याची एक काच तर नुसती रंगवलेली! बाई थेट मामांच्या गल्लीत येऊन कडाडल्या, “तुम्ही खोटा दिलात, म्हणून मला खोटा मिळाला!” नकली फोन विकणाऱ्याला कुणी बोललं नाही. बोल लागला तो मामांना. चाळीस वर्षांचं नाव एका सकाळीत गेलं. या जत्रेत आपल्याकडे कुणी फिरकेल का, हीच काळजी त्यांना खात होती.

म्हणून मी आलो होतो. पाच दिवस मी त्यांच्या टेबलावर होतो, आणि त्यांनी मला एकदाही सुरू केलं नाही! आधी जरा रागच आला. पण ते मला उलटसुलट करत, दोऱ्यानं मापत, कोपऱ्यांवरून अंगठा फिरवत. खोक्याचा वास घेत, त्यातला कागद कुठं दुमडला आहे ते बघत. चहात पाव बुडवतानाही नजर माझ्यावरच.

“मामा, तो चालतो कसा ते तरी बघ!” नोएमी म्हणायची.

“चालतो कसा ते तू बघ. तो आहे कसा ते मला बघू दे.”

दुधाच्या डब्याचा पत्रा कापून, राळेच्या थेंबाची काच करून त्यांनी माझी भावंडं घडवली. बटणं उजवीकडे, काचा बरोबर दोन. खोकंही हुबेहूब. माझ्याकडे इतकं निरखून त्यापूर्वी कुणी पाहिलं नव्हतं, अगदी मला बनवणाऱ्यांनीही नाही.

चोवीस तारीख उजाडली. मामांनी मला मांडणीच्या मध्यभागी ठेवलं, ताडून बघायला. लोक यायचे, बघायचे आणि शेजारी असल्याच इवल्या वस्तू विकणाऱ्या रोमुलोकडे जायचे. रोमुलो मोठ्यानं म्हणायचा, “या हो या! मामांकडे फक्त बघायचं असतं!” साडेअकराला बेनिताबाई आल्या. हातांना संत्र्यांचा वास होता.

“यंदा कुठला काढलात? जाहिरातीतला, की स्वप्नातला?”

“हा खरा आणि हा माझा. तुम्हीच ताडून बघा.”

बाईंनी एका तळव्यावर मला घेतलं, दुसऱ्यावर माझ्या भावंडाला. काचा मोजल्या, बटणं मोजली. चेहरा सैल झाला. मग त्यांनी इवलं खोकं उघडलं.

“चार्जर कुठंय?”

“नाही.”

“नाही म्हणजे? पडला की काय?”

“खऱ्याच्या खोक्यातच नसतो, बाई.”

“अगंबाई! एवढा महागाचा फोन आणि चार्जर नाही? जेवायला बोलवायचं आणि चमचा घरून आणायला सांगायचं! मी मागायचं तरी कसं? जे मागेन तेच मिळणार ना मला!”

मित्रांनो, तेव्हा मला लाज वाटली. माझ्या दोन काचांचं, चकचकीत कडांचं कौतुक होईल म्हणून मी मिरवत आलो होतो, आणि माझ्यात काय नाही हे एका रसवालीनं अर्ध्या मिनिटात हेरलं.

“मामा, घाल ना एक,” नोएमी हळूच म्हणाली. “पत्र्याचा तुकडा आहे. पाच मिनिटांचं काम.”

मामांचा हात पत्र्याकडे गेला आणि थांबला. “गेल्या वर्षी एक काच जास्त घातली होती गं मी. जास्तच दिलं होतं. त्याचं काय झालं ते सगळ्या गावानं ऐकलं. आता खोक्यात जे नाही ते मी घालायचा नाही.”

“मग बसा तसेच!” म्हणत बाई रोमुलोकडे गेल्या. त्याच्या खोक्यात चार्जर होता, कानात घालायची बटणं होती, वर नोटांचं एक बंडलही होतं. मामांनी मान खाली घातली. बाराला दहा कमी होते. धूप पेटले होते आणि लोक हातातल्या वस्तू सावरत आशीर्वाद देणाऱ्या बाबांकडे धावत होते.

बाई परत आल्या.

“त्याच्याकडे सगळं आहे,” त्या म्हणाल्या, “फक्त फोन भलताच आहे. द्या इकडे तुमचा. चार्जरचं माझं मी बघेन. देवाला एवढ्यातेवढ्यासाठी कशाला त्रास!”

मामा तो इवला फोन कागदात गुंडाळू लागले.

“राहू द्या कागद, बारा वाजतील. आणि तुम्हीही चला. एक कड तुम्ही धरा. गेल्या वर्षी फार बोलले मी तुम्हाला.”

नोएमीनं मला उचललं आणि ती मागोमाग पळाली. चर्चच्या घंटा सुरू झाल्या. धुराच्या लोटात दोन म्हाताऱ्या हातांनी तो नखाएवढा पत्रा धरला होता. बाबांनी वरून पाकळ्या टाकल्या, दारू शिंपडली, चार थेंब माझ्या काचेवरही उडाले. मला फार भरून आलं. मामांचे सगळे फोन त्या दिवशी खपले असं सांगितलं, तर ते खोटं होईल. एकोणीस उरले. पण मामा संध्याकाळी शीळ वाजवत मांडणी आवरत होते.

या गोष्टीला आता अकरा आठवडे झाले. नोएमी मला वापरते. माझ्या काचेवर चरा पडला आहे. ती परवा मैत्रिणीला म्हणाली, “जाऊ दे, सप्टेंबरात नवा येतोयच.” तेव्हा आम्ही बेनिताबाईंच्या गाडीवर रस प्यायला उभ्या असलेल्या गर्दीत होतो. त्यांचा खरा फोन अजून आलेला नाही. संत्र्यांच्या ढिगाशेजारी तो पत्र्याचा फोन ठेवलेला असतो. तो वाजत नाही, उजळत नाही. बाई रोज सकाळी हात पुसतात आणि कोरड्या फडक्यानं आधी त्याला पुसतात, मगच पहिलं संत्रं कापतात.

मित्रांनो, ज्यांच्या खिशात मी खराखुरा आहे, त्यांना माझं एवढंच सांगणं आहे. मला एकदा तरी तसं पुसा.